पुरवणी

मेंढीचं रक्त पट्टणकोडोलीहून येतं.
बिराप्पा हजारे स्वतः आणून देतो, थर्मासात.
"मेंढी बरी हाय न्हवं?" मी दर वेळी विचारते.
"चरतीया की," म्हणतो, आणि पावती न घेताच जातो.

आज त्या पेशींसाठी दोन नळ्या.
एकीत माझं स्वतःचं सिरम, तुलनेला.
दुसरीत धैर्यशील खाडे, वय सतरा, मुरगूड,
मेंदूज्वर तिसऱ्यांदा.

सदतीस अंश. अर्धा तास.
यकृतात घडलेली ही प्रथिनं
कुणाच्या बोलावण्याला थांबत नाहीत.
त्यांतलं तिसरं सदा थोडं थोडं फुटत असतं,
गंगावेशीत स्टोव्ह बारीक ठेवतात रात्रभर, तसं,
न जाणो कुणी आलं तर.
फुटलं की सापडेल त्या अंगाला चिकटतं.
आपल्या पेशी ते झटकून टाकतात.
परक्याला झटकता येत नाही.

धैर्यशीलला मी विचारलं होतं,
घामानं गडी निसटायला लागला की काय करतोस?
"माती टाकतो अंगावर. मग पकड बसते."
तीच ही माती, म्हटलं.
पांढऱ्या पेशी मग त्याला सोडत नाहीत.

पण काही जिवाणू असतात,
शेंगेतल्या दोन दाण्यांसारखे जोडीनं राहणारे.
त्यांना मातीनं भागत नाही, भोकच पाडावं लागतं.
पाचवं, सहावं, सातवं, आठवं,
मग नवव्यांचा घोळका गोल उभा राहतो
त्यांच्या भिंतीत, मधे पोकळ.
पाणी आत घुसतं. जीव फुगतो, फुटतो.

नळ्या फिरवून बाहेर काढल्या.
माझी तळापर्यंत लाल, आरपार, कोकमाच्या पाण्यासारखी.
त्याची वर कोरी,
तळाशी मेंढीची टिकली, शाबूत.

आधी मी बर्फाला दोष दिला.
मुरगूडची एसटी, उन्हातला थांबा,
ही प्रथिनं ऊब सोसत नाहीत,
छप्पन्न अंशाला अर्ध्या तासात मुकी होतात.
पुन्हा बोलावलं, इथंच रक्त घेतलं.
पुन्हा टिकली.

पुण्याहून कागद आला. सातवं नाही.
जन्मापासूनच नाही.

वडील उद्यमनगरात ड्रिलवर असतात.
कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.
"म्हंजे मशीन चालू हाय, बिटच न्हाई."
मला इतकी वर्षं हे असं सांगता आलं नव्हतं.

लस आहे, मी म्हटलं, ती घ्यायचीच.
ताप आला तर रात्री दोनलाही दवाखाना.
आणि ही चिठ्ठी कायम खिशात.
"लंगोटाला खिसा नसतो," धैर्यशील म्हणाला.

पुस्तकात ह्याला पूरक म्हणतात.
मला पुरवणी आठवते, बोर्डाच्या पेपरची,
दोऱ्यानं बांधायची, सुटली तर गुण गेले.

पुढच्या खेपेला आला तेव्हा
दंडावर पितळी ताईत होता.
आईनं चिठ्ठी घडी करकरून आत बसवली होती.
काळा दोरा नवाच होता.
मी गाठ ओढून पाहिली.