तातडीच्या वेळी

चांदणी चौकात पहाटे पाचला
मिनीबसमध्ये आम्ही अकराजण,
बँकेचे नऊ आणि दोघे कुणाकुणाचे मेहुणे.
कुंभोजकरांनी उलटीची गोळी वाटली
प्रसादासारखी, उजव्या हातावर.
पौड गेलं, मुळशीचं पाणी गेलं अर्धवट उजेडात,
ताम्हिणीत ढग खिडकीशी आला
आणि गाण्याच्या भेंड्या आपोआप थांबल्या.

नदीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये
उपम्याची बशी एका हातात, दुसऱ्या हातात फॉर्म.
वय: चौपन्न.
पोहता येतं का: नाही.
(येत नसलं तरी चालतं, असं त्यांनीच सांगितलं होतं.)
रक्तगट आठवला.
मग खाली एक रकाना:
तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं.

एकतीस वर्षं काउंटरच्या अलीकडून
मीच लोकांना बजावत आले,
नॉमिनीची जागा रिकामी सोडू नका, काका.
आणि माझंच पेन थांबलं.
मागे रांग होती.
मी कर्वेनगरचा लँडलाइन लिहिला,
घरचा. माझाच.
नाव: सरपोतदार.

बाळाराम आमचा गाईड, वय तेवीस,
माझ्या जाकिटाचे पट्टे त्याने असे आवळले
जसं कुणी पोतं शिवतं.
हेल्मेटला कालच्या कुणाच्या तरी केसांचा वास.
म्हणाला, पाणी सकाळीच असतं.
वरून डोंगरातल्या पाइपांतून पडतं,
त्याची वीज होते,
वीज जाते पुढे शहराला, पाणी आमच्याकडे.
एक मेहुणे म्हणाले, म्हणजे वापरलेलं पाणी!
वापरलेलंच, बाळाराम म्हणाला,
पण जोर बघा त्यात अजून किती आहे.

हे वाक्य मी जाकिटाच्या आत ठेवलं.

फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यांनी मारायचं.
स्टॉप, म्हणजे खरंच स्टॉप, कुंभोजकर.
पाय तराफ्याच्या फटीत रुतवून ठेवा.
आणि समोर पांढरं काहीतरी उठलं
नि आमचा तराफा मधोमध दुमडला,
माझं वल्हं हवेतच फिरलं,
तोंडात नदी, नाकात नदी,
कुणीतरी "आईगं" ओरडलं
ती मीच होते,
आणि लगेच हसलेही मीच,
आवाज बंद करायचं बटण सापडेना.

पुढे डोह लागला. शांत.
ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरा, तो म्हणाला,
जाकीट सांभाळेल.
माझं ठरायच्या आधीच मी पाण्यात होते.
पाय पुढे ठेवा मॅडम, बोटं दिसली पाहिजेत,
आणि नदीशी भांडू नका.
कानांत पाणी भरलं, बाळाराम नुसता ओठ हलवू लागला.
बुटांची टोकं, त्यांच्यावर एक डोंगर,
डोंगरावर एक घार, अगदी कंटाळलेली.
किती वेळ ते माहीत नाही.
मला कुणी धरलेलं नव्हतं
आणि मी बुडत नव्हते.

दुपारी जेवताना नदी ओसरली,
काउंटर बंद व्हावा तशी.
जिथून आम्ही ओरडत गेलो तिथे दगड उघडे,
एक बाई त्यावर चादर आपटत होती.

रात्री आठला घर. तिसरा मजला.
बुटांत पेपर कोंबून ते बाल्कनीत ठेवले,
डाव्यातून एक खडा निघाला, वाटाण्याएवढा,
तो फोनशेजारी ठेवला.
फोन दिवसभर वाजला नसणार.
म्हणजे मी सुखरूप आहे.

तरी रिसीव्हर उचलून पाहिला, चालू होता.
मग काय मनात आलं,
माझाच नंबर फिरवला,
फॉर्मवर लिहिलेला, एकेक आकडा नीट.

एंगेज.
म्हणजे घरी आहे कुणीतरी,
बोलतंय.