आठपट

स्वयंपाकघरातल्या काट्यावर
आधी टूथब्रश ठेवला. अर्धा कापला, पुन्हा ठेवला.
मग विजेरी, रेनकोट, क्रेप बँडेजची गुंडाळी,
दशम्यांचा डबा झाकणासकट, झाकणाशिवाय.
कागदावर बेरीज केली: सहा किलो नऊशे.
गुडघ्यांशी बोलणं झालं होतं ते सहाचं.
वरचे नऊशे एकट्या दुर्बिणीचे,
जुन्या बाजारातून हौसेनं आणलेली,
गळ्यात घातली की मान खाली जाते
आणि पक्षी तर वर.

शनिवारी कॅम्पात खुझेमाभाईंच्या दुकानात गेले.
हिरव्या मखमलीवर त्यांनी पाच-सहा मांडल्या,
पाहुण्यांपुढे कप मांडावेत तशा.
"डोंगरात नेणार? मग ही मोठी विसरा.
मोठ्या भिंगात उजेड जास्त मावतो, कबूल,
पण तो उजेड शेवटी पाठीवरनं न्यायचाय तुम्हालाच."

भाचीनं कागद लिहून दिला होता. ऋचाचं अक्षर ठाम:
'दहा बाय पंचवीस. दहाचीच घे, मावशी.'
दहाची घेतली, पायरीवर येऊन डोळ्यांना लावली.
समोरच्या इमारतीवर पन्हळीच्या वाकणावर एक पारवा,
तो दहापट जवळ आला
आणि थरथरायला लागला.
पन्हळ थरथरली. गच्चीवरच्या टाकीवरचं नाव
पाण्यात लिहिल्यासारखं हललं.

मागच्या श्रावणात डॉक्टर म्हणाले होते,
काळजीचं नाही, उजव्या हाताला जरासा कंप आहे.
घरात कपबशीच्या जागी जाड बुडाचा मग आला,
कुणी काही विचारलं नाही.
टेकडीच्या ग्रुपला मी सांगितलेलं नाही.
आणि इथे भर रस्त्यात
ही दोन नळ्यांची बया
दहानं गुणून सांगतेय.

खुझेमाभाई एक भिंग पुसत होते, आधीच स्वच्छ असलेलं.
बोलले नाहीत.
दहाची माझ्या हातातून काढून घेतली, आठाची ठेवली.
"चष्मा राहू द्या. डोळ्याकडच्या या कड्या आत फिरवा.
कोपरं बरगड्यांना लावा.
श्वास अर्धा सोडा, तिथेच थांबा.
आणि उन्हातलं बघू नका, उन्हात सगळ्याच चांगल्या.
त्या वडाच्या पोटात बघा."

बघितलं.
आधी नुसता काळोख,
मग काळोखाला पिसं,
मग एक पिवळा डोळा. पिंगळा,
रिक्षांच्या डोक्यावर, दिवसाढवळ्या,
झोपमोड झाल्यासारखा वैतागलेला.
थोडा हलत होता. चालेल इतका.

दोनशे नव्वद ग्रॅम. मिटली की मुठीएवढी.
किंमत ऐकून मी नुसतं "हं" केलं,
त्यांनी पट्टा फुकट घातला.
टूथब्रशची गोष्ट सांगितली तर हसले,
"अहो, ब्रश कसला कापताय?
डबाच घरी ठेवा, फडक्यात बांधा भाकरी."
दशमी, म्हटलं. "तेच ते," म्हणाले.

रविवारी राजगडावर, संजीवनी माचीच्या टोकाला
वारा असा की बोललेलं मागच्याच्या कानात जात होतं.
तोरण्याच्या अंगाला कड्यावर ससाणा बसला होता,
पाठीवर पाटीचा रंग, पोटावर विटेचा.
कोपरं, बरगड्या, अर्धा श्वास.
पायाखाली धरून काहीतरी सोलत होता,
त्याला आम्ही कुणी नव्हतोच.

ग्रुपमधला सगळ्यात लहान कैवल्य,
चढानं अजून धापा टाकत होता, त्यानं मागितली.
लावली आणि लगेच म्हणाला,
"काकू, ही हलतेय. पीस खराब निघाला का?"

"कोपरं," म्हटलं, "बरगड्यांना. श्वास अर्धा."

गप्प झाला.
बराच वेळ परतच देईना.
मी खडकावर बसले, फडक्याची गाठ सोडली,
सगळ्यांसमोर,
उजव्या हातानं.