मागचं आभाळ

माझ्याकडे आभाळ होतं.
बेनोकडे कान, लामाराकडे पदकं आणि गुंड्या,
चेहरा फक्त उशांगी मास्तरांचा,
कारण चेहऱ्याला चूक परवडत नसे.
कुताइसीच्या त्या लांबट शेडमध्ये
एक माणूस असा सहा-आठ हातांनी तयार व्हायचा,
महिन्यातून अकरा वेळा,
शाळांसाठी, चहाच्या कारखान्यांसाठी, स्टेशनांसाठी.

तपासनीस यायचे गुरुवारी.
भुवया मोजायचे, मिशीला पट्टी लावायचे.
एकदा एक पदक कमी भरलं
तर लामाराला दोन महिने पगार नव्हता.
आभाळाकडे मात्र कानाडोळा.
बेनो म्हणायचा, कान माझे, डोळे मास्तरांचे,
मग तुझं आभाळ बघणार कोण?

नियम एवढाच : निळं हवं, आशादायक हवं.
निळा यायचा ट्रकच्या कारखान्यातून, डब्यात,
रॉकेलच्या वासाचा.

कधी सुरू झालं?
बहुधा त्या फेब्रुवारीत. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी
रजा मागायचा धीर नव्हता म्हणून कामावर गेलो.
पुलावरून येताना रिओनीवर जे होतं ते निळं नव्हतं,
भांडी विसळलेल्या पाण्यासारखं होतं,
एका कडेला किंचित पिवळं.
हातानं तेच काढलं.
वर निळ्याचा पातळ थर, लाज झाकण्यापुरता.
गुरुवारी कोणी काही बोललं नाही.

मग रोज.
पूल ओलांडताना मान वर करायची
आणि जे दिसेल ते न सांडता शेडपर्यंत न्यायचं.
द्राक्षं तुडवायच्या दिवसांतलं जांभळट,
पावाच्या रांगेत उभ्या उभ्या उजाडलेलं,
मुलगी झाली त्या पहाटेचं, एकही ढग नसलेलं,
ज्याची मला भीतीच वाटली होती,
सगळं त्या माणसाच्या खांद्यांमागे लपवलं.
खांदे रुंद होते त्याचे. त्याबद्दल तक्रार नाही.

याला मोकळेपण म्हणायचं का, माहीत नाही.
भेकडपणाच तो, नीट रंगवलेला, असंही म्हणता येईल.
बेनो एकदा मोठ्यानं बोलला.
पुढच्या सोमवारी कान दुसऱ्या कोणी काढले
आणि त्या कानांमागेही
मी आभाळ भरलं.
तेवढं एक आभाळ कुठल्या दिवसाचं होतं, आठवत नाही.

मुलगी म्हणते, बाबा, आता स्वतःला काढा,
आता कोण पट्टी घेऊन येतंय?
तिनं चांगला निळा आणून दिला, तिबिलिसीहून, ट्यूबमधला.
तीनदा बसलो आरशासमोर.
आभाळ लगेच होतं.
मग मध्ये जागा उरते, माणसाएवढी,
आणि हात गुरुवारची वाट बघत थांबतो.

तो माणूस सगळीकडून उतरला, एकाच आठवड्यात.
लोकांनी चेहरा कापून काढला, खांद्यांसकट.
बाकीचा कॅनव्हास जाड होता. फेकवेना कोणाला.

गेल्या शरदात त्सियालाकडे चीज आणायला गेलो, डोंगरात.
म्हणाली, अंडीही घ्या, खुराड्यात वाकून बघा.
वाकलो.
छपराला आतून रंग होता.
आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावायचं, म्हणतात;
इथे आभाळच ठिगळ झालेलं,
मध्ये भोक, भोकावर जुन्या खिडकीची काच,
कोंबड्यांना उजेड हवा म्हणून.
पिवळी कड ओळखली मी.
आई गेली त्याचा दुसरा दिवस.
काचेतून दिसणारं आभाळ वेगळ्याच रंगाचं होतं,
जुळलं असतं तर सांगितलंच नसतं कोणाला.

त्सियाला म्हणाली, तुमचं असेल तर न्या.
म्हटलं, नको, कोंबड्या भिजतील.
सहा अंडी घेतली.
एक अजून गरम होतं, ते खिशात ठेवलं,
आणि उतारावर पूर्ण वेळ
हात त्याच खिशात.