सरतं

शिळफाट्याच्या भंगारातून आलं तेव्हा
अंगभर सोनेरी रंग होता त्याला.
कुठल्याशा लग्नाच्या हॉलमध्ये चार सीझन उभं होतं म्हणे,
प्लास्टिकची कणसं बांधून,
गावाकडचं वातावरण म्हणून.
आता पामबीचच्या एका हॉटेलला हवं होतं, छताला टांगायला.
"जरा नीट करा, मढवी. ओरिजिनल दिसू दे."

मी रबाळ्याचा पॅटर्नमेकर.
एकेचाळीस वर्षं लोखंडासाठी लाकडाचे साचे केले,
पंपाचे, व्हॉल्व्हचे, एकदा देवळाच्या घंटेचा.
पण हे मला ओळखू येईना.
आमच्या दिवागावात भात. राब भाजायचा,
आवण उपटायचं, वाकून चिखलात लावायचं.
पेरायचं अवजार बापाच्या घरात नव्हतंच.

म्हणून मापं घेतली.
फण तीन. दोन फणांत अंतर चौदा इंच, वर दोन सूत.
म्हणजे तिफण, असं चहावाला म्हणाला, तो बार्शीचा.
थिनरनं सोनं उतरवलं.
सोन्याखाली निळं, निळ्याखाली तेलकट काळं,
मग लाकूड. दिंड बाभळीचं, चाडं शिसवीचं.
पाचरीपाशी तीन खाचा उभ्या, एक आडवी.
सुताराची सही असेल,
नाहीतर कुणाकडे तरी राहिलेले चार पायली.

फारोळे आठवडाभर डिझेलमध्ये बुडवले.
नळे चिरलेले. कर्जतहून बांबू आणला,
तापल्या सळईनं आतल्या गाठी जाळल्या.
चाड्याला तीन भोकं, आणि उजव्या भोकात
एक खुंटी, घट्ट, काळी पडलेली.
म्हटलं, बिघाड सापडला.
पंच लावून ठोकली, उडाली, भुशात पडली.
मूठभर ज्वारी टाकली: तिन्ही नळ्यांतून सरसर.
त्या रात्री झोप चांगली लागली.

उरली एक सुटी नळी.
तोंड रुंद, खाली निमुळती, मानेला सुंभाचा तुकडा.
तीन फणांना चार नळ्या कशाला?
दुसऱ्या भंगारातली असेल. तिच्यात फुटपट्ट्या उभ्या केल्या.

कौतिकाबाई इंगोले वाशीच्या दाणाबाजारात
गोण्यांखालचं सांडलेलं झाडते, पाखडते, विकते.
ज्वारी तिचीच होती. आणखी किलोभर द्यायला शेडवर आली.
तिफणीकडे तिनं फारसं पाहिलं नाही.
फुटपट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या,
नळी कमरेशी धरली
आणि लेथपासून दरवाजापर्यंत चालत गेली.
मूठ नळीच्या तोंडावर, बोटं हलत होती,
मुठीत काहीच नव्हतं.

"सरतं हाये हे," म्हणाली. "तिफनीच्या मांगं आमी बाया. तूर."
मग चाड्यात बोट घातलं, बरोबर उजव्या भोकात.
"हे कोनं मोकयं केलं?"

त्या फणाला ज्वारी द्यायचीच नसते.
त्याचं भोक बुजवायचं, त्याच्यामागं सरतं बांधायचं
आणि बाईनं चालत चालत त्या तासात तूर सोडायची.
मी ते दुरुस्त करून टाकलं होतं.

भुशाचं पिंप उपसलं.
पण मंगळवारचा भुसा चहावाल्याच्या शेगडीत गेलेला.
लेथवर नवी खुंटी काढली, मापात, गुळगुळीत.
बसेना.
भोक गोल नव्हतंच. दाण्यांनी घासून घासून
एका अंगाला कललेलं.
शेवटी चाकूनं तासली, अदमासानं,
थुंकी लावून, पुन्हा तासून.
बसली.
कौतिकाबाईनं सरतं फणामागं बांधून दिलं, नव्या सुंभानं,
आणि ज्वारीचे पैसे मोजून घेतले.

बिलात थिनर, बांबू, डिझेल, मजुरी.
खुंटी काढली, खुंटी बसवली, यातलं काही लिहिलं नाही.
हॉटेलचा माणूस म्हणाला,
"ही मागची नळी जास्तीची दिसते. काढू?"
म्हटलं, टांगा, तिच्यासकट टांगा.
गाठ तेवढी सोडू नका.
मला ती मारता येत नाही.