जार

पुस्तक आणलं होतं नागपूरहून, सीताबर्डीच्या रद्दीतून,
बांधणी सुटलेलं, वजनावर घेतलेलं.
पाचशे वर्षांपूर्वीचा इटलीकडचा कुणी चितारी, डावखुरा,
कंदिलाच्या उजेडात मढी चिरायचा
आणि कागदावर पुन्हा जुळवायचा.

शाळेत ते दाखवता आलं नाही.
हेडमास्तर म्हणाले, एलिमेंटरीला फळं-फुलं येतात,
आतडी येत नाहीत.

म्हणून रविवारी पवनीच्या दवाखान्यामागं गेलो.
टिनाच्या खोलीबाहेर, लिंबाखाली
बकाराम वाल्दे हातोडी धूत बसला होता.
एकतीस वर्षं.
डॉक्टर दारात नाकाला रुमाल धरून उभा,
आतून हा सांगतो, बाहेर तो लिहितो.
वैनगंगेत बुडालेले, मोहावरून पडलेले,
वीज अंगावर घेतलेले,
सगळ्यांना गोधडीच्या टाक्यानं शिवून
तो ज्याचं त्याला परत देतो.

हात पुसून त्यानं पानं उलटली.
चष्मा नव्हता. पान आधी लांब धरलं, मग जवळ.
एकच खांदा, सोललेला, सात बाजूंनी.
"यानं सोताच चिरलं जी," तो म्हणाला,
"सांगीवांगी नाही.
पाहा, इथं मास थोडं बाजूले ओढून धरलं हाये,
दुसऱ्या हातानं.
तो हात यानं काढला नाही."

अक्षरं उलटी आहेत, मी म्हटलं, आरशात सुलटी होतात.
दाढीचा आरसा मुद्दाम सोबत नेला होता.
त्यानं आरशाबाहेर पाहिलं, मग आरशात.
"मले दोन्हीकून सारखीच," म्हणाला,
आणि हसला.

मग माझं मनगट उताणं केलं,
घड्याळाच्या पट्ट्याच्या वर अंगठा रुतवला.
माझी बोटं मी न सांगता मिटली.
"दोऱ्या. मेल्यावरबी ओढल्या का मिटतेत.
पयल्या दिवशी मी भेलो होतो.
हाबी भेला असन."

त्या पानावर मात्र थांबला.
शिंगाडा सोलावा तशी उघडलेली पिशवी,
आत गुडघ्यांत तोंड घालून बसलेलं लेकरू.
आतल्या नळाखालची बादली भरली,
वाहायला लागली.
तो उठला नाही.

मी वाट पाहिली.
एकतीस वर्षांत अशी एक तरी आली असेल.
गावात म्हणतात, आली होती, इटगावची,
आणि त्या रात्री बकाराम
दारूच्या गुत्त्यावरही गेला नाही, घरीही गेला नाही.

त्यानं नख टेकवलं ते लेकराच्या बाजूला,
लहानशा चित्रावर,
जिथं पिशवीला गुंड्याच गुंड्या होत्या,
एकमेकींत अडकलेल्या.

"हे बाईचं नोहे, मास्तर."

मला कळलं नाही.

"जार हाये ही. गाईची.
अशा गुंड्या गाईले राह्यतेत, म्हशीले राह्यतेत.
बाईची वार एकच, भाकरीवानी,
इकून चिकनी, तिकून खरबरी."
तळहातावर त्यानं बोटानं गोल काढून दाखवला.
हात तसाच उघडा राहिला.

एवढा थोर माणूस, मी म्हटलं, चुकला कसा?

"चुकला कायचा. त्याले बाई भेटली नसन.
गाय पाह्यली अन् बाई काढली."

पुस्तक मिटलं,
वर नसलेली धूळ फुंकली,
माझ्या हातात दिलं.
"बरं झालं," म्हणाला, "नाही भेटली ते."

आणि नळ बंद करायला आत गेला.

सोमवारी सातवीला मडकं होतं आणि दोन पेरू.
एक पेरू मी मधोमध कापून ठेवला.
हेडमास्तर खिडकीतून पाहून गेले.
बिया काढायला पोरांना
फार वेळ लागला.