पावती क्रमांक ३१८

हळदोण्याच्या पोस्टातून मी निवृत्त झाले त्याच महिन्यात
टिओतोनियो दारात उभा, काखेत वही, हातात बिस्किटांचा डबा.
डब्यात क्लबाची रोकड : चार हजार एकशे सहा,
आणि टांझानियाचं एक नाणं, जे आजवर
कुठल्याच रकान्यात बसलेलं नाही.
म्हणाला, बाय, तुला खेळ येत नाही, तेच बरं.
खेळणाऱ्याच्या हाती पैसा राहत नाही.

ते सगळे आफ्रिकेहून परतलेले.
कंपालाच्या, नैरोबीच्या हिरवळीवर शिकलेला खेळ
त्यांनी पेट्यांत भरून आणला
आणि कोमुनिदादीच्या पडीक तुकड्यावर अंथरला.
चेंडू काळा, एका कुशीला जड.
सरळ सोडला तरी शेवटी वळतो.
मुद्दामच तसा घडवतात म्हणे.
मी तेहतीस वर्षं मनिऑर्डरी मोजल्या.
मला ते पटायला वेळ लागला.

नावे :
कोमुनिदादीचं भुईभाडं.
रूळ ओढायच्या यंत्राला डिझेल.
मोरांनी उकरलेल्या कोपऱ्यात नवं गवत, चौदाशे.
रानडुकरांसाठी कुंपण, अर्धंच,
उरलेलं पुढच्या वर्षी. (डुकरांना कळवलेलं नाही.)
पाहुण्या संघाला पॅटिस, माणशी दोन.
वास्कोचे तीन खातात.
तिसरं मी किरकोळात घालते.

जमा :
इथे पेन आपोआप हळू चालतं.

सामन्यांचा तक्ता मात्र पेन्सिलीचा.
डिसेंबरचा दुसरा रविवार मडगावला दिला,
तर इझिल्डाच्या वाड्यावर त्याच दिवशी सायबीण.
तिसरा रविवार लग्नांचा.
जानेवारीत कुणाचा ना कुणाचा मुलगा स्विंडनहून येतो,
मग कार्निव्हाल, मग शिगमो,
मग चाळीस दिवस उपासाचे
आणि तोवर गवत पिवळं.
मडगावचा सेक्रेटरी फोनवर वैतागतो,
बाय, मग खेळायचं तरी कधी?
मी म्हणाले, मंगळवारी.
मंगळवारी कुणाचं काही नसतं.

ॲनिसेत मंगळवारी गेला.
तक्ता खोडताना कागद फाटला.

त्याच्याकडे दोन वर्षांची वर्गणी येणे होती.
बैठकीत ठरलं, बुडीत खाती टाका.
मी वहीत ओळ आखली आणि तशीच ठेवली.
महिन्याच्या मिसानंतर त्याची बायको आली,
चामड्याच्या पिशवीत त्याचे चार चेंडू घेऊन.
पैसे नाहीत, म्हणाली, हे घे.
मी लिहिलं : जमा, चेंडू चार, वापरलेले.
किंमत :
पुढे काय लिहायचं ते
पोस्टाच्या कुठल्याच नियमावलीत नव्हतं.

संघ चौघांचा असतो.
आता टिओतोनियो, इझिल्डा आणि गुडघ्याचा रेमेजियो.
तिघं उतरले तर सामना हरल्यात जमा,
वर पाचशे दंड,
आणि पाचशे डब्यात नाहीत.

म्हणून फाटक लावायच्या आधी, सांजेला,
कुणी बघत नसताना
मी पिशवीतला एक चेंडू काढला.
त्यावर अंगठ्याच्या जागी झिजलेला खड्डा होता.
माझा अंगठा त्यात मावून जागा उरली.
पहिला कुंपणाबाहेर गेला.
दुसरा चरात.
तिसरा सरळ चालला, चालला, मी म्हटलं चुकला,
आणि दम संपता संपता तो डावीकडे कलला,
पांढऱ्या गोटीपासून वीतभर लांब थांबला.
चौथा सोडला नाही.
अंधार झाला होता, शोधणार कुठे.

घरी येऊन पावतीपुस्तक काढलं.
क्रमांक ३१८. नाव : हेमावती पर्येकर.
बाबत : सभासद वर्गणी, सहाशे फक्त.
देणाराची सही. घेणाराची सही.
दोन्हीकडे तेच अक्षर.
ऑडिटर विचारील तर विचारू दे.

शनिवारी म्हापशाशी आहे.
तक्त्यात चौथं नाव पेन्सिलीनंच लिहिलंय,
अजून शाईनं गिरवलेलं नाही.