दोन तिकिटं

मिरजेला गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली.
एस-सहामधून एक सडपातळ म्हातारा उतरला,
पांढरी लुंगी, पोटाशी धरलेला स्टीलचा डबा,
डब्यावर लाल फडकं, सुतळीच्या तीन गाठी.
मी हात पुढं केले.
त्यानं मान हलवली.
आईच्याच हातात द्यायचा,
एवढं हिंदी तो गाडीत पाठ करून आला होता.

विट्यापर्यंत एसटी, पुढं लेंगऱ्याला वडाप.
वडापवाल्या पोरानं पैसे घेतले नाहीत.
टेप मात्र वाजत राहिला,
बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

दादा गलाईवाला.
सोनारांच्या दुकानातला केर पोत्यानं घ्यायचा,
जाळायचा, चाळायचा, मुशीत वितळवायचा
आणि गव्हाच्या दाण्याएवढं सोनं
चिमट्यात धरून उजेडात बघायचा.
आमचं निम्मं गाव हेच करतं,
कुणी मदुराईत, कुणी सिलिगुडीत.
दादा केरळात.
सात वर्षांपूर्वी तिथली नदी गल्लीत शिरली.
भट्टी गेली, भिंत गेली.
वाचलेल्यांच्या यादीत दादा नव्हता,
मेलेल्यांच्याही नाही.
वहिनी कुंकू लावत राहिली,
दर वर्षी थोडं बारीक.

हा त्याच्या शेजारचा. कुलपं दुरुस्त करतो.
पुलाखालचा गाळ उपसताना हाडं निघाली
तेव्हा ठाण्यात जाऊन बसला हाच,
एकदा नाही, तेरा वेळा.
मग सांगलीच्या सिव्हिलमध्ये आईनं बोट पुढं केलं.
चार महिन्यांनी फोनवर एकच शब्द आला: जुळलं.
लग्नाच्या बोलणीत म्हणतात, तसाच.
आमच्या सहीच्या कागदावर
तिकडंच अग्नी दिला त्यानं.

ओट्यावर बसल्यावर त्यानं खिशातून तिकिटं काढली.
दोन.
एक त्याचं.
दुसऱ्यावर: हनुमन्था एस., पुरुष, ३५.
खिडकीची जागा.
डबा मांडीवर मावला असता.
डब्याला कोण तिकीट काढतं?

बोटांनी, खुणांनी त्यानं सांगितलं,
गेला तेव्हा अठ्ठावीसचा.
तिकीटवाल्यानं वय विचारलं,
मग सात मिळवले.

आई बराच वेळ त्या आकड्याकडं बघत होती.
"छत्तीस," म्हणाली,
"पाडव्याला छत्तिसावं लागलं त्येला."
मग तिकीट कपाळाला लावलं.
तेवढी सात वर्षं
कुणीतरी जगवलं होतं त्याला, कागदावर का होईना.

नाव विचारलं. वासुदेवन.
शेवटचा न तिला ऐकूच आला नाही.
ती उठली, पदर पसरला, डबा घेतला
आणि पहाटे दारात येऊन, सूपभर जोंधळं घेऊन
त्यानं म्हणायचं असतं ते
तीच म्हणाली:
"पावलं रं वासुदेवा,
दान पावलं."

त्याला काही कळलं नाही.
त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. खरडा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी येरळेच्या काठावर
आई राख बोटांनी चाळत बसली, उजेडात धरून.
कुणी काही बोललं नाही.
सवयच आमची, राखेत बघायची.

जायच्या आधी त्याला दादाची पेटी दिसली.
किल्ली दादाबरोबर गेलेली.
त्यानं पिशवीतून एक तार काढली,
कान लावला, जसा कुणी छातीला लावतो,
आणि कुलूप उघडलं.
तेल सोडलं. दोनदा लावून, काढून दाखवलं.
मजुरी घेतली नाही.

झाकण वहिनीनं
तो वळणापलीकडं गेल्यावर उघडलं.